एका घरातलं पेट्रोल : धायरीच्या एका कर्जप्रकरणाचा अभ्यास

अर्ज एक लाख दहा हजारांचा होता, इलेक्ट्रिक स्कूटरसाठी. अर्जदार पुण्यातल्या धायरीचे, चाळिशी ओलांडलेले, भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. पत्नी स्वारगेटजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, मुलगी कोथरूड भागातल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, शिवाय घरात अर्जदारांची आई. पगारपत्रकं जोडलेली, जामीनदार दोन, जुन्या कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. आमच्या पतसंस्थेत असं प्रकरण एका बैठकीत मंजूर होतं.

मी ते थांबवलं ते घरखर्चाच्या रकान्यामुळे. तिथे 'पेट्रोल : ३,०००' लिहिलं होतं आणि सोबत जोडलेल्या बँक खात्याच्या उताऱ्यात धायरी फाटा, दांडेकर पूल, दापोडी अशा वेगवेगळ्या पंपांवरच्या नोंदी पानभर पसरल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक नोंद दोनशेची. त्या एकत्र केल्या तर तीन हजारांचा आकडा कुठल्या कुठे मागे पडत होता. अर्जदार खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त स्वतःच्या मोटरसायकलचं पेट्रोल लिहिलं होतं. बायकोच्या आणि मुलीच्या गाडीत टाकलेलं पेट्रोल त्यांच्या हिशेबात 'किरकोळ'मध्ये जात होतं.

हे २०२५ च्या ऑक्टोबरमधलं प्रकरण. कुटुंबाच्या संमतीने इथे मांडतो आहे, ओळख पटेल असे तपशील गाळून. मांडण्याचं कारण एकच. पेट्रोल महाग झालं की लोक गाड्या कमी वापरतात का, या प्रश्नाचं उत्तर या एका घरात दोन माणसांनी दोन प्रकारे दिलं आहे, आणि ते मला आजवर वाचलेल्या बऱ्याच चर्चांपेक्षा स्पष्ट वाटतं.

घरातला हिशेब

अर्जदार, त्यांच्या पत्नी (पुढे त्यांना ताई म्हणतो) आणि मी असे तिघं बसलो आणि वह्या, उतारे आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरच्या नोंदी समोर घेऊन महिन्याचं पेट्रोल लिटरमध्ये मांडलं. लिटरमध्ये मांडायचा आग्रह माझा होता. 'दोनशेचं टाक' म्हणायची सवय असलेल्या माणसाला दर वाढल्याचं पंपावर कळत नाही, कारण खिशातून जाणारी नोट तीच राहते. पेट्रोल ८० रुपये असताना दोनशेत अडीच लिटर यायचं, १०४ ला दोन लिटरच्याही आत येतं. गाडी थोडी आधी रिझर्व्हला लागते एवढंच. दरवाढ त्या घरात रुपयांनी शिरत नाही, पंपावरच्या वाढलेल्या फेऱ्यांनी शिरते, आणि फेऱ्या कोणी मोजत नाही.

मोटरसायकलचं रोजचं येणं-जाणं पन्नास किलोमीटर. सिंहगड रस्ता, दांडेकर पूल, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, नाशिक फाटा, मग एमआयडीसी. या गर्दीत अ‍ॅव्हरेज पंचेचाळीस ते पन्नासच्या मध्ये, म्हणजे महिन्याला अठ्ठावीस लिटर. ताईंची स्कूटर रोज वीस किलोमीटर, तेरा लिटर. मुलीची जुनी स्कूटर, कॉलेज आणि प्रोजेक्टच्या धावपळीत तिचेही तेराच. एकूण चोपन्न लिटर, १०४ च्या दराने ५,६०० रुपये. याशिवाय दारात एक जुनी सीएनजी कार. महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर चालते, गॅसला साडेतेराशे लागतात. म्हणजे सत्तेचाळीस हजारांच्या एकत्रित पगारातले सात हजार इंधनाला.

यात कर किती, हे अर्जदारांनीच विचारलं. तेव्हा पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास होतं. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क आणि उपकर मिळून २१ रुपये ९० पैसे. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर २५ टक्के, अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. राज्याची टक्केवारी केंद्राचं शुल्क धरून आकारली जाते, म्हणजे करावर कर. राज्याचा वाटा २४-२५ रुपयांपर्यंत जातो. दोन्ही मिळून लिटरमागे सुमारे ४६ रुपये. चोपन्न लिटरवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार.

या नवरा-बायकोला आयकर लागत नाही. त्यांचं उत्पन्न कमी आहे हे सरकारलाही मान्य आहे. तेच घर कामावर जाण्यासाठी वर्षाला तीस हजार रुपये कर भरतं, आणि तीस लाख पगाराचा माणूस पंपावर लिटरमागे तेवढाच कर भरतो. मला हे अन्यायाचं वाटतं आणि तसं मी त्या दोघांसमोर बोललोही.

दर कसा चढला

गेल्या पंधरा वर्षांची साखळी थोडक्यात सांगतो. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. कच्चं तेल चढलं की पंप चढेल आणि उतरलं की उतरेल, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला होता. निम्मा खरा ठरला. २०१४ च्या मध्याला केंद्राचं शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं. तेल स्वस्त होत गेलं तसतसं ते वाढवत २०१६ च्या सुरुवातीला २१ रुपये ४८ पैशांवर नेलं. पुढे ते थोडं उतरून १९ रुपये ९८ पैशांवर आलं. २०२० मध्ये जगभर तेलाचा भाव कोसळला, तेव्हा मार्चमध्ये तीन आणि मे महिन्यात दहा रुपये वाढवून ते ३२ रुपये ९८ पैसे केलं. स्वस्ताई पंपापर्यंत पोचलीच नाही, वाटेतच करात जमा झाली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपयांची कपात झाली. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दोन रुपये वाढले, तेही तेल उतरलेलं असताना. ते कंपन्यांनी सोसले म्हणून पंपावर दिसले नाहीत, पण जी घट व्हायला हवी होती तीही दिसली नाही.

राज्याचा भागही साधा नाही. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून दोन रुपये अधिभार लागला. दुष्काळ सरला, तरी लिटरमागचा अधिभार कमी-जास्त होत राहिलाच. जून २०२० मध्ये तो १० रुपये १२ पैशांवर होता, जुलै २०२२ मध्ये पाच रुपयांनी उतरला. पेट्रोल वस्तू आणि सेवा कराबाहेर ठेवलेलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या परिषदेत ते आत आणायचा विषय निघाला आणि राज्यांनी नको म्हटलं. ज्या दुभत्या गाईवर केंद्र आणि राज्य दोघांचं घर चालतं, ती गोठ्याबाहेर कोण सोडेल?

एकाच घरातली दोन उत्तरं

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

२०२० च्या सुरुवातीला ताई बसने जात होत्या. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पीएमपीच्या (पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बस सेवा) बस पुण्यात सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या आणि सप्टेंबरपर्यंत सुरू झाल्या नाहीत. लॅब मात्र चालू होती, त्या दिवसांत तर जास्तच. म्हणून त्या उन्हाळ्यात स्कूटर घेतली, हप्त्यावर. केंद्राने पेट्रोलवर तेरा रुपये वाढवले ते हेच महिने.

२०२२ च्या एप्रिलमध्ये पेट्रोल १२० च्या घरात गेलं. ताईंनी दिनदर्शिकेवर आकडा मांडला : तेरा लिटरचे साडेपंधराशे आणि पीएमपीचा महिन्याचा पास नऊशे. त्यांनी स्कूटर जिन्याखाली लावली आणि पास काढला. फाट्यापर्यंत पंधरा मिनिटं चालायचं, तिथून स्वारगेटची बस. तीन वर्षं त्या बसने गेल्या. पेट्रोल पुढे उतरून १०६, मग १०४ झालं तरी पास स्वस्तच होता.

१ जून २०२५ ला पीएमपीची भाडेवाढ झाली. किमान तिकीट पाचाचं दहा, महिन्याचा पास नऊशेचा दीड हजार. पेट्रोलचा दर मार्च २०२४ पासून हललेला नव्हता. ताईंच्या स्कूटरला साडेतेराशे लागणार होते आणि पासाला दीड हजार. जूनच्या पहिल्याच आठवड्यात स्कूटर जिन्याखालून बाहेर आली.

त्याच काळात अर्जदारांचं काय झालं? पेट्रोल ८० होतं तेव्हा ते अठ्ठावीस लिटर जाळत होते, १०० ओलांडलं तेव्हा अठ्ठावीस, १२० ला अठ्ठावीस, १०४ ला अठ्ठावीस. दराने त्यांचा एक लिटरही हलवला नाही. मी विचारलं, "एवढं वाढलं तेव्हा काहीच बदललं नाहीत?" ते म्हणाले, "साहेब, बदलू काय? कंपनी जवळ आणू का?"

दोघं एकाच घरातले, पंप तेच, कर तोच. एकीला दर चढल्याचा इशारा कळला आणि तिने गाडी ठेवली, कारण फाट्यावर बस होती. दुसऱ्याला तोच इशारा दंड होऊन बसला, कारण त्याला दुसरा रस्ताच नव्हता. महाग पेट्रोलाने वाहनं कमी होतात हे म्हणणं बस असलेल्या माणसापुरतंच खरं आहे.

मेट्रोचा पर्याय आम्ही खरोखर तपासला. स्वारगेट ते पिंपरी-चिंचवड ही मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यावर नाशिक फाट्याचं स्थानक आहे. नकाशावर प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात धायरी फाटा ते स्वारगेट बस वीस रुपये, मेट्रो तीसच्या आसपास, नाशिक फाट्यावरून एमआयडीसीत आत जायला शेअर रिक्षाचे वीस. जाऊन-येऊन एकशेचाळीस, महिन्याचे साडेतीन हजारांवर. मोटरसायकलला २,९०० लागतात. वर सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते आणि मेट्रो अकराच्या सुमारास थांबलेली असते. पहिल्या पाळीला सातला हजर व्हायचं तर पहाटेची एक बस चुकली की पुढचं सगळं कोलमडतं. कारखान्याच्या पाळ्या ज्या वेळांना सुटतात त्या वेळा आपल्या सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकात नाहीत, आणि भोसरी, चाकण, रांजणगावचे हजारो कामगार याच एका कारणाने दुचाकीवर आहेत.

बसच्या बाजूने एक हिशेब

ताईंना मी एक गोष्ट दाखवली जी भाडेवाढीच्या गोंधळात बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. नव्या रचनेत पाच ते दहा किलोमीटरला वीस रुपये आहेत. धायरी फाटा ते स्वारगेट या टप्प्यात बसतं. एकच बस लागत असेल तर पास काढायचाच कशाला? रोजचे चाळीस, सव्वीस दिवसांचे १,०४०. पासापेक्षाही कमी, पेट्रोलपेक्षाही कमी.

त्यांनी ते पाहिलं, मान्य केलं आणि म्हणाल्या, "पैशाचं खरंय. पण संध्याकाळी स्वारगेटला बस कधी येईल ते सांगा."

मग सकाळचं सांगितलं. लॅबमध्ये अंगठ्याची हजेरी आहे. ठरलेल्या वेळेच्या पुढे पंचिंग झालं की अर्धा दिवस कापला जातो. त्यांचा पगार सोळा हजार, अर्ध्या दिवसाचे तीनशेच्या वर. दोन भरलेल्या बस फाट्यावर न थांबता गेल्या की त्या दिवसाचं चाळीस रुपयांचं तिकीट साडेतीनशेला पडतं. शेवटच्या काही महिन्यांत हे महिन्यातून एकदा-दोनदा व्हायला लागलं होतं. दीड हजाराचा पास निमित्त झाला, कंटाळा आधीच साचला होता.

मी शेजारी दुसरा आकडा मांडला. २०२२ मध्ये राज्याने लिटरमागे पाच रुपये कमी केले त्याचं केवढं कौतुक झालं होतं. या घराच्या चोपन्न लिटरवर पाच रुपयांची कपात म्हणजे महिन्याला २७० रुपये, ताईंच्या एका कापलेल्या अर्ध्या दिवसापेक्षा कमी. पेट्रोलवरचा कर कमी करा, ही मागणी मला म्हणूनच अपुरी वाटते. कर घ्यायचाच असेल तर त्यातला ठरलेला हिस्सा सकाळी सात ते दहा धायरी, नऱ्हे, आंबेगाव, फुरसुंगीच्या फाट्यांवर दर पाच मिनिटांनी येणाऱ्या बसमध्ये दिसला पाहिजे. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, नऱ्हे २०२१ मध्ये. घरपट्टी लगेच आली.

आज तो हिस्सा दिसत नाही. केंद्राच्या तेव्हाच्या २१ रुपये ९० पैशांतला मूळ उत्पादन शुल्काचा भाग फक्त १ रुपया ४० पैसे होता. राज्यांना वाटून मिळतं ते त्यातून. बाकी सगळे उपकर आणि विशेष शुल्क केंद्राकडेच राहतं. त्यात पाच रुपये रस्ते आणि पायाभूत सुविधांसाठी म्हणून घेतले जातात. शहर बसची तूट मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात भरतात आणि ती फुगली की तिकीट वाढतं. पेट्रोलवर कर भरणाऱ्याला गाडी सोडायची सोय करून द्यायची जबाबदारी ज्या संस्थेवर आहे, तिच्यापर्यंत त्या कराचा रुपयाही थेट पोचत नाही. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग याच शहराने केला होता. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांनी ३६ लाखांचा टप्पा ओलांडून लोकसंख्येला मागे टाकलं. या दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आहेत.

कारचं काय

कार त्यांनी २०२१ मध्ये घेतली, आजींना दवाखान्यात न्यायला. टाळेबंदीत रिक्षा मिळत नव्हत्या, त्या भीतीतून घेतलेली. हप्ता ५,२०० रुपये, विमा आणि देखभाल महिन्याकाठी बाराशे, गॅस साडेतेराशे. तीनशे किलोमीटरला पावणेआठ हजार, म्हणजे किलोमीटरला सुमारे सव्वीस रुपये. पुण्यात रिक्षाचं मीटर तेव्हा पहिल्या टप्प्यानंतर किलोमीटरला सतरा रुपये होतं. आजींना रिक्षाने नेणं स्वस्त पडलं असतं.

माझं मत कार विकावी असं होतं. पण पुढच्या वर्षी हप्ता संपला की हाच आकडा साडेआठ रुपयांवर येणार. एकदा पैसे अडकले की पुढचा प्रत्येक किलोमीटर स्वस्त वाटू लागतो. समोर दिसतो तो फक्त साडेचार रुपयांचा गॅस, आणि मग मंडईलाही कार निघते. कुटुंबाने कार ठेवली. आजींचं वय पाहता मी जास्त ताणलं नाही.

कर्जाचा निर्णय

मूळ अर्जात एक लाख दहा हजारांचा तीन वर्षांचा हप्ता ३,६५० च्या आसपास येत होता. मोटरसायकलचं पेट्रोल २,९००. त्याऐवजी वीजबिलात पाच-सहाशे वाढणार, कारण घरचा वापर वरच्या टप्प्यात जातो. म्हणजे महिन्याची बचत २,३०० आणि हप्ता ३,६५०. तीन वर्षं दर महिन्याला तेराशेचा खड्डा. विक्रेत्याने त्यांना 'पेट्रोलच्या पैशात गाडी' असं सांगितलं होतं. ते तसं नव्हतं.

मी सुचवलं की मोटरसायकल विका आणि कर्ज ऐंशी हजारांचंच घ्या. हप्ता २,६५० होतो, सर्व्हिसिंग आणि ऑइलचे वाचलेले तीन-चारशे धरले की जमा-खर्च बरोबरीला येतो. ताईंच्या स्कूटरऐवजी इलेक्ट्रिक घेतली असती तर महिन्याला हजार-अकराशेच वाचले असते. जो सगळ्यात जास्त फिरतो त्याच्याच खाली ती गाडी हवी.

अर्जदारांचा मोटरसायकल विकायला ठाम विरोध होता. रात्री बाराला खडकीच्या पुढे चार्जिंग संपलं तर? पन्नास किलोमीटरच्या रोजच्या फेरीला ती गाडी पुरते हे त्यांना पटवायला त्यांच्याच कंपनीतल्या एकाची गाडी दोन दिवस मागून आणावी लागली. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये लहान दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता आणि शोरूमवाले नवी पेट्रोल गाडीच गळ्यात मारू पाहत होते.

खरी अडचण निघाली ती चार्जिंगची. बारा फ्लॅटची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, सोसायटी अजून नोंदलेली नाही. पार्किंगमध्ये सॉकेट घ्यायला इतरांची संमती हवी आणि तिघांनी आगीच्या भीतीने नकार दिला. काही दिवस गॅलरीतून वायर खाली सोडायचा विचार झाला, तो मी कर्जाच्या अटीतच बाद केला. शेवटी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतःच्या मीटरवरून वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि कुलूपबंद पेटी असं करायचं ठरलं, तेव्हा ते तिघं तयार झाले. खर्च सात हजार. जे भाड्याने राहतात त्यांना हाही मार्ग नाही.

ऐंशी हजार मंजूर झाले. मोटरसायकल कंपनीतल्याच एकाने घेतली. अर्जदारांचे अठ्ठावीस लिटर बंद झाले. ताई सकाळी स्कूटर काढतातच. लॅबने त्यांची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली तर बसने जाईन असं त्या म्हणतात, आणि ती विनंती त्यांनी लेखी दिली आहे. मुलीला विद्यार्थी पास ७५० रुपयांना मिळतो, तिच्या पेट्रोलच्या जवळपास निम्म्यात. पण तिला वारज्याला बस बदलावी लागते आणि अर्ध्या तासाचा प्रवास सव्वा तासाचा होतो. तिला मी आग्रह केला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मेट्रोला मंजुरी दिली. ती सिंहगड रस्त्यावरून, यांच्या फाट्याजवळून जाईल. ती धावायला लागेपर्यंत हे कर्ज फिटलेलं असेल. मुलीची हिंजवडीतल्या एका कंपनीत निवड झाली असून जूनपासून रुजू व्हायचं आहे. तिने नव्या गाडीच्या कर्जाची चौकशी केली, तेव्हा मी तिला कंपनीची बस नवले पुलावरून किती वाजता निघते आणि रात्री शेवटची कधी परतते, हे आधी लेखी विचारून आणायला सांगितलं आहे.